भोकाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. लोखंडाची, आणि बसायच्या जागी मधोमध भोक असलेली. हसा मित्रांनो, खुशाल हसा. हाड मोडलं की हसणारेच मला रिक्षात घालून घरी नेतात.

मेहसाण्याच्या एका वेल्डरने मला घडवलं. जवळच्या उंझा गावातल्या कुणीतरी आईच्या आठवणीसाठी मला समाजाच्या खोलीत दिलं, जिथून आजाऱ्यांसाठी वस्तू वापरायला नेता येतात. तिथे काठ्या, वॉकर, हवेच्या गाद्या असा आमचा गोतावळा. ज्याच्या घरी शस्त्रक्रिया, त्याच्याकडे आमचा मुक्काम. परत देताना धुऊन द्यायचं, एवढीच अट. तीही काहीजण पाळत नाहीत!

एका उन्हाळ्यात मी जीवीबांकडे गेले. वय चौऱ्याहत्तर. अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झकास झाली, पण दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोट बांधून टाकलं. पाच दिवस शौचाला नाही. पोट टणक झालं, जेवण सुटलं, चालणंही सुटलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत मोकळं झालं नाही तर दाखल करू." जीवीबांनी त्याचा धसकाच घेतला. "तिकडे नेलंत तर मी परत यायची नाही," असं म्हणू लागल्या.

आणि गंमत बघा, त्यांच्या यजमानांची, अंबालालकाकांची, इसबगोलाची गिरणी! जीवीबा रोज दोन चमचे इसबगोल कोरडाच तोंडात टाकत आणि वर घोटभर पाणी घेत. कुणी टोकलं तर म्हणत, "इसबगोलाच्या धुळीत जन्म गेला माझा. मला शिकवू नका!" भरपूर पाणी नसेल तर तो पोटात थापून बसतो, हे गिरणीवालीला कोण सांगणार?

सून दक्षा तासातासाला पेला भरून ठेवी. तिची पाठ वळली की जीवीबा तो खिडकीतल्या तुळशीत ओतत. मी बघत होते, पण मला कुठे तोंड आहे?

सहाव्या दिवशी सकाळी दक्षाने त्यांना ओतताना पकडलं.

"बा, तुळस कुजवायला निघालात का?"

जीवीबांना रडू फुटलं. "पाणी प्यालं की उठावं लागतं. तूच धरून बसवणार, तूच खालचं भांडं धुणार. सुनेकडून हे करून घेऊ? त्यापेक्षा मेलेलं बरं."

दक्षा तिथेच खाली बसली. "माझ्या बाळंतपणात टाके पडले, तेव्हा माझं सगळं कुणी काढलं? मी म्हटलं होतं का, मेलेलं बरं?"

"तू पोर होतीस गं."

"आणि आता तुम्ही आहात. प्या मुकाट्याने."

तिने डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यांनी इसबगोल तूर्त बंद केला, पोट साफ होण्याचं पातळ औषध दिलं, पाणी प्यायला आणि वॉकर धरून थोडं थोडं चालायला लावलं. दुपारी जीवीबांनी स्वतःहून हाक मारली, "दक्षा, धाव गं!" बंद दाराबाहेर अंबालालकाका येरझाऱ्या घालत होते.

"झालं का?"

"झालं!" आतून दोघी एकदम ओरडल्या आणि हसत सुटल्या. काकांनी लगेच सुरतेच्या लेकीला फोन लावला. नातू पहिला आल्यासारखे सांगत होते!

आता मी गंजले आहे. एका पायाचं रबरही गेलं आहे, ते तेवढं बसवा, नाहीतर कुणीतरी पडेल. पण मित्रांनो, त्याहून मोठं मागणं आहे. आजारी माणसाच्या उशाशी नुसता पेला ठेवून निघून जाऊ नका. तो रिकामा होईपर्यंत जवळ बसा. आणि माझं भांडं उचलताना तोंड वाकडं करू नका. बसलेलं माणूस तुमच्या तोंडाकडेच बघत असतं.