न्हाणीघरातला हिरवा दिवा

आमच्या न्हाणीघरात अंधार, म्हणून लेक एकटी आत जायची नाही. आणि त्या ओलीत दोनशे तीस व्होल्टचा दिवा बसवायचा म्हटलं की शॉकच्या भीतीनं मी नकोच म्हणायचे.

शेवटी वायरमन असलेल्या दिरांनी बोटीवर असतो तसला, जाड हिरव्या काचेचा, जाळीचा गोल दिवा आणला. मी आधी त्याच्या मागचा शिक्का वाचला.

“चोवीस व्होल्टच ना, भावोजी?”

“हो वहिनी. ट्रान्सफॉर्मर बाहेर, कोरड्या भिंतीवर. आता तरी कपाळावरची आठी काढा.”

संध्याकाळी बटण दाबलं आणि पांढऱ्या फरश्या पोपटी झाल्या. लेक आत शिरली, स्वतःचं हिरवं पोट बघून खिदळली. मी दारातच उभी.

“आई, तू जा ना. मी बेडूक झालेय.”

मी चक्क गेले. आतून बराच वेळ डराव डराव ऐकू येत होतं.