मिस्टर क्लाइन शाळेत जातात

"पाच छेद बारा अधिक एक छेद चार. किती होतील?" मिस डेलानींनी विचारलं आणि वर्गातल्या सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. चौपन्न वर्षांच्या वर्नीस हफमननेही घातली. तिरक्या नजरेने तिने दाराजवळच्या बाकाकडे पाहिलं. मिस्टर क्लाइन फळ्याकडे बघत होते. मग त्यांनी वही मिटली, टोपी उचलली आणि आवाज न करता ते बाहेर निघून गेले.

मोज्यांच्या मिलमध्ये वर्नीसने एकतीस वर्षं मोज्यांची टोकं शिवली होती. त्यातली बावीस मिस्टर क्लाइन तिचे सुपरवायझर होते. शिवणीला चुणी पडली की ते तो मोजा तिच्या मशीनवर ठेवत आणि एक अक्षर न बोलता पुढे जात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं बायका म्हणायच्या. मार्चमध्ये मिल बंद पडली. इथे नुसतं सूत ज्या किमतीला यायचं, त्याहून स्वस्तात बाहेरदेशचे तयार मोजे दुकानात येऊ लागले होते.

परदेशी मालामुळे काम गेलेल्या कामगारांसाठी सरकारची एक योजना होती. नवं शिक्षण घ्यायचं आणि शिकत असेपर्यंत भत्ता मिळायचा. पण त्यासाठी कामगारांनीच अर्ज करायचा, त्यावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. वर्नीस आणि तिच्या शेजारच्या मशीनवरची रूबी तिसऱ्या सहीसाठी मिस्टर क्लाइनच्या घरी गेल्या. ते दारातच उभे राहिले. "मी आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही," म्हणाले. या, बसा, काही नाही. शेवटी तिसरी सही झाडूवाल्या लेस्टरने केली.

चार महिन्यांनी अर्ज मंजूर झाला, तो मिलमधल्या सगळ्यांसाठी. सप्टेंबरात वर्नीस राहिलेलं शालेय शिक्षण पूर्ण करायला कॉलेजातल्या प्रौढांच्या वर्गात आली, तर इस्त्रीचा शर्ट घालून मिस्टर क्लाइन आधीच येऊन बसलेले. तिने एक झणझणीत टोमणा तयार ठेवला होता. त्यांचा चेहरा पाहून तो तिने गिळला.

आता ती त्यांच्या मागोमाग पार्किंगमध्ये गेली. ते आपल्या पिकअपमध्ये बसले होते. किल्ली लावलेली होती, गाडी चालू केलेली नव्हती.

"मिस्टर क्लाइन, वर्ग सुटला नाही अजून."

"तू जा. तुझा बुडेल."

"तुमचाही बुडतोय. गैरहजेरी वाढली तर नाव काढतात."

"काढू देत," ते म्हणाले. "मी नववीत शाळा सोडली, वर्नीस. मिलच्या नोकरीच्या अर्जावर शाळा पूर्ण असं लिहिलं. कुणी विचारलं नाही. मॅक्सीनलाही तेच सांगितलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली. तिला वाटतं, मी इथे कॉम्प्युटर शिकतोय."

त्यांनी टोपी शेजारच्या सीटवर ठेवली.

"आणि दुसरं म्हणजे, मी सही केली नाही, आणि आता तुमच्याच सह्यांवर इथे बसलोय. तुझ्याकडे बघवत नाही मला."

"राग आला होताच," वर्नीस म्हणाली. "रूबी तर तुम्हाला काय काय बोलली!"

"काय बोलली?"

"नको. तुम्ही चर्चला जाणारे."

त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तेवढं पुरलं. वर्नीस खिडकीवर कोपर टेकून म्हणाली, "बरं, एक सांगा. डझनात पाच जोड खराब निघाले. वर आणखी पाव डझन. एकूण किती?"

"आठ," ते क्षणात म्हणाले. "डझनाचे दोन तृतीयांश. अख्खा लॉट परत पाठवायचा."

"फळ्यावर तेच लिहिलंय."

त्यांनी मान वळवून वर्गाच्या खिडकीकडे पाहिलं. "मग तसं सांगायला काय झालं होतं त्या बाईला?"

"तिने कधी मोजा शिवलाय का?"

त्यांनी किल्ली काढली.

त्या हिवाळ्यात दोघं शेजारी बसले. अपूर्णांक त्यांनी डझनात सोडवले. निबंध मात्र मिस्टर क्लाइनना जड गेला. जिथे दम लागेल तिथे ते स्वल्पविराम द्यायचे, आणि वर्नीस एकेक खोडत बसायची. पुढे तिला इस्पितळात रक्त काढायचं काम शिकायचं होतं. ती शिरांची नावं पाठ करायला लागली की ते बाही वर सारून हात पुढे करायचे. "शोध," म्हणायचे, "पण टोचू नकोस."

मे महिन्यात प्रमाणपत्रांचा समारंभ झाला. सगळ्यांची घरची माणसं आली. मिस्टर क्लाइन एकटे आले आणि गाउनची बटणं लावत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वर्नीसला हॉलच्या शेवटच्या रांगेत मॅक्सीन दिसली. वर्नीस धास्तावून तिच्याकडे गेली.

"मी काही बोलले नाही कुणाला, देवाशप्पथ," वर्नीस म्हणाली.

"कॉलेजचं निमंत्रण घरी आलं. त्याने ते टूलबॉक्समध्ये लपवलं," मॅक्सीन म्हणाली. "टूलबॉक्स कोण आवरतं आमच्या घरी?"

"म्हणजे तुला आत्ताच कळलं?"

"छे गं. साखरपुडा झाला तेव्हा मी वाचनालयात त्याच्या शाळेचे जुने वार्षिक अंक काढून बसले होते. शेवटच्या वर्षी कसा दिसत होता, ते बघायचं होतं. सगळ्या मुलांचे फोटो होते, त्याचाच नव्हता."

"सदतीस वर्षं बोलली नाहीस?"

"त्याने सांगायची वाट बघत होते." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "आज सांगेल असं वाटलं. नाही सांगितलं. मग मी आपणहूनच आले."

नाव पुकारलं गेलं. मिस्टर क्लाइन मंचावर गेले, प्रमाणपत्र घेतलं, वळले, आणि मागे एकटीच उभी राहून टाळ्या वाजवणारी बायको त्यांना दिसली. ते जागच्या जागी थांबले. पुढच्या माणसाला त्यांच्या बाजूने वाट काढून जावं लागलं.

मग पायऱ्या उतरून ते मधल्या वाटेने थेट शेवटच्या रांगेपर्यंत आले. त्यांनी प्रमाणपत्र तिच्यापुढे धरलं. मॅक्सीनने घेण्याआधी दोन्ही तळवे ड्रेसला पुसले. पर्समधून चष्मा काढून डोळ्यांना लावला. पहिल्या ओळीपासून खालच्या सह्यांपर्यंत तिने ते सगळं सावकाश वाचलं. तिचं वाचून होईपर्यंत ते तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे होते.