रिकाम्या खुर्चीचं मत

माझ्या गळ्याची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चारही दात आत्ताच्या आत्ता पडोत!

तेव्हा मी विज्ञान समितीत टायपिस्ट होते. कुठलं यंत्र वापरायचं, कुठलं नाही, हे ती समिती ठरवायची. सात सभासद, सात खुर्च्या. सातव्या खुर्चीला लागून माझं टेबल. बोलायचं त्यांनी, टायपायचं मी. मध्ये तोंड उघडलं तर नोकरी गेलीच समजा. अध्यक्ष तर असे, की खोकले तरी भिंतीवरचं घड्याळ थांबायचं.

त्या समितीची एक रीत होती. ठराव वाचून झाला की अध्यक्ष तीनदा पेन्सिल आपटायचे. तोवर जो गप्प, त्याचा होकार. न आलेला माणूस गप्पच असणार, म्हणून त्याचाही होकारच!

त्या दिवशीचा ठराव होता धरणाचा. दरवाजे यापुढे यंत्रानं उघडायचे, माणूस काढून टाकायचा. आणि धरणाखाली, नदीपासून शंभर पावलांवर, माझी धाकटी बहीण राहायची. पदरात दोन कच्चीबच्ची.

सकाळीच धरणावरच्या दरवाजेवाल्या मामांनी मला जिन्यात गाठलं होतं. ‘‘बाई, हे यंत्र तरंगत्या डब्यावरून पाणी मोजतं. शेवाळानं डबा वर अडकला, की पाणी उतरलं तरी त्याला वाटतं धरण भरलंय. भर उन्हात सगळे दरवाजे उघडेल.’’

‘‘मग आत येऊन सांगा ना!’’

‘‘मला कोण आत घेतंय? सातव्या साहेबांना कागद दिलाय. ते बोलतील.’’

आणि सातवे साहेब तापानं घरी पडलेले! कागद त्यांच्या फायलीत, फाईल टेबलावर, खुर्ची रिकामी.

‘‘यंत्र झोपत नाही, रजा मागत नाही,’’ उपाध्यक्ष म्हणाले.

‘‘तुमच्यासारखं दर तासाला चहाही मागत नाही,’’ कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अध्यक्षांनी पेन्सिल उचलली.

ठक.

माझ्या डोळ्यांसमोर बहिणीचं अंगण, त्यात वाळत घातलेली इवलीशी झबली.

ठक.

मी टेबलावरच्या फायलीकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात सातवी खुर्ची, रिकामी खुर्ची, आपोआप मागे सरकली! कर्र्र्र... अंगावर काटा आला सगळ्यांच्या. अध्यक्षांची पेन्सिल हवेतच राहिली.

‘‘म... मांजर असेल,’’ उपाध्यक्ष म्हणाले.

‘‘दार लावलेल्या खोलीत?’’

‘‘साहेब,’’ मी उभी राहिले. ‘‘सातवी खुर्ची गप्प राहिली नाही. लिहू का तसं?’’

‘‘बाई, खुर्चीला कधी मत असतं का?’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘होकार असतो, तर नकारही असेल की.’’

कुणी हसलं नाही. माझी नोकरी आता गेली, अशी मी खूणगाठ बांधली. अध्यक्षांनी खुर्चीकडे पाहिलं, मग फायलीकडे. हात लावायचं धाडस मात्र होईना. ‘‘तुम्हीच वाचा,’’ म्हणाले. मी मामांचा कागद वाचला.

तिसऱ्या दिवशी अख्खी समिती धरणावर. एका दरवाज्यापुढे लोखंडी फळ्या लावून पाणी अडवलं. मामांनी शेवाळलेला डबा वर अडकवला, यंत्र चालू केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काहीच होईना. अध्यक्ष सावकाश माझ्याकडे वळले. मी धरणी दुभंगायची वाट बघत होते.

तेवढ्यात पायाखालचा दगड थरथरला. आभाळ निरभ्र, पाणी कितीतरी खाली, आणि तो अगडबंब दरवाजा आपला आपण वर चढायला लागला. अध्यक्षांनी मामांची बाही गच्च धरली, ती दरवाजा बंद होईपर्यंत सोडली नाही.

माणूस धरणावर राहिला. न आलेल्याचा होकार धरायची रीत गेली. बहिणीला मी यातलं काही सांगितलं नाही, उगाच तिची झोप उडाली असती.

काय म्हणता, दात हलतोय माझा? बरं बाई, सांगते. खुर्ची आपोआप नव्हती सरकली. तोंड उघडायची बंदी होती मला, पायाचं कुणी काही बोललं नव्हतं.

घड्याळाचं मात्र खरं आहे हं.