खिडकीतले सरडे

कानामागून आली आणि तिखट झाली, असं पद्मनाभ शकुंतलेबद्दल सगळ्यांना सांगत फिरायचा. धारवाडच्या प्रयोगशाळेत तो तीन वर्षं सरडे पाळत होता. ही अठ्ठ्याहत्तर साली आली. काम दोघांचं सारखंच. सरडा काचेच्या बरणीत घालायचा, बरणी ठरावीक उष्णतेच्या पाण्यात ठेवायची आणि दहा मिनिटांत तो किती प्राणवायू ओढतो ते मोजायचं. सरड्याला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. गारठा असला की त्याचं सगळं मंद, ऊन मिळालं की श्वाससुद्धा भराभर.

शकुंतलेचे आकडे उष्णतेबरोबर शिस्तीत चढायचे. पद्मनाभचे आज इकडे, उद्या तिकडे. विभागात व्याख्यात्याची एकच जागा निघाली होती आणि ज्याचं काम चोख त्याचं नाव विभागप्रमुख सर मार्चमध्ये सुचवणार होते. ते तिची वही चारचौघांत उघडून दाखवत, तेव्हा पद्मनाभच्या नाकाला मिरच्या झोंबत. त्यानं गुपचूप तिचा थर्मामीटरही तपासला. तो मेला बरोबर निघाला.

एका ढगाळ दुपारी तीच त्याच्या टेबलाशी आली.

"अण्णा, राग मानू नका. तुमचे सरडे खिडकीत ऊन खातात आणि तापल्या अंगानं बरणीत जातात. ढग आले की आकडा उतरतो, बघा की. माझ्या फळीवर आणून ठेवा."

तिची फळी मोरीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होती. आधी पद्मनाभचे सरडेही तिथंच असत. ती आली त्या दिवशी खिडकीचं टेबल तिला मिळू नये म्हणून त्यानंच थोरलेपणानं ते बळकावलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

ती खरं बोलत होती, हे त्याला तत्क्षणी कळलं. गप्प बसली असती तर जागा तिचीच होती, हेही कळलं. आकडे चांगले ते चांगलेच, वर हिचं मनही मोठं. हे मात्र त्याला सोसेना.

"नको," तो म्हणाला. "माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. शकुंतलेनं आपली खोकी सरकवून अर्धी फळी मोकळी करून ठेवली होती. पद्मनाभनं तिकडे पाठ केली. खिडकीतला सरडा उचलला, तर त्याचं पोट तळव्याला गरम लागलं. त्यानं तो तसाच बरणीत घातला आणि दहा मिनिटांनी चुकीचा आकडा सुवाच्य अक्षरात वहीत लिहिला.