नऊ मिलिमीटरचा फुगवटा

केर्टेमिन्डे बंदरात फोल्मेर चाळीस वर्षं शर्यतीच्या लाकडी बोटी बांधत होता. त्या शर्यतीत सगळ्या बोटी हुबेहूब सारख्या असाव्या लागत. जिंकायचं ते शिडं हाताळून. आता एकाच साच्यातून भराभर निघणाऱ्या फायबरच्या बोटी आल्या, आणि त्या तपासायला संघटनेने त्यालाच बोलावलं.

पहिल्याच बोटीच्या उजव्या कुशीला माप लावलं आणि तो चरकला. पोट नऊ मिलिमीटर जास्त फुगलं होतं. दुसरीचंही तेच, तिसरीचंही.

"रान्हिल, ही चूक माझी आहे गं," तो मुलीला म्हणाला. "तुझी आई गेली त्या हिवाळ्यात बांधलेली बोट. फळी वाकवताना हात चुकला होता. तीच सारखी जिंकते, म्हणून तिच्यावरूनच साचा घेतलाय यांनी!"

"बाबा, गप्प राहा. कुणाच्या बापाला कळणारे?"

पण संघटनेच्या बैठकीत उभं राहून त्याने सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष हसले. "फोल्मेर, साठ बोटी तयार झाल्यात. आता साचा म्हणेल तोच नियम."

"आणि माझ्या बाकीच्या बोटी?"

"त्या नियमात बसत नाहीत."

फोल्मेर खाली बसला. जीव ओतून बिनचूक बांधलेल्या एकतीस बोटी बाद, आणि चुकलेली तेवढी बरोबर!

बाहेर त्याचं जुनं गिऱ्हाईक वाट बघत उभं होतं. "फोल्मेर, माझ्या बोटीलाही तेवढा फुगवटा काढून दे की!"

रान्हिलने बापाचा दंड धरला आणि त्याला घरी नेलं.