गाडीतली ओल

उद्धवरावांनी गाडीतली पायाखालची रबरी चटई उचलली, तिच्याखालचं तरट सारून पत्रा बोटानं दाबून पाहिला, आणि बोट त्यातून आरपार गेलं. ते तसेच वाकून राहिले. बोट बाहेर काढलं तेव्हा नखात गंजाचा तांबडा भुगा होता आणि भोकातून शेडमधली जमीन दिसत होती.

गेल्याच वर्षी, नेमक्या ह्याच जागी, ज्योतीरामनं नवा पत्रा जोडून दिला होता.

गाडी जुनी होती, विलायती. खडकीच्या एका पारशाकडून घेतलेली. चिंचवड गावात त्यांच्या आळीत दुसरी गाडी नव्हती. चाकणच्या बाजारात उद्धवरावांची कांद्याची अडत होती; बाजाराच्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन जात, एरवी ती घरामागच्या शेडमध्ये उभी असे. त्या दिवशी मात्र त्यांनी ती पिंपरीच्या वाटेला लावली. टाचा शक्य तेवढ्या कडेला ठेवून, अवघडल्यासारखे बसून ते चालवत होते. रस्त्यात सोपानरावांचं दुकान लागलं. सोपानराव आपला ट्रक ज्योतीरामकडे दुरुस्तीला द्यायच्या बेतात होते, हे उद्धवरावांना माहीत होतं. ते खाली न उतरताच म्हणाले,

"त्याच्याकडं नका देऊ. कच्चं काम हाय त्याचं."

पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिल्यापासून पिंपरीला मुंबई रस्त्याच्या कडेनं बरीच दुकानं झाली होती. त्यांतल्याच एका पत्र्याच्या आडोशाखाली ज्योतीरामचं वेल्डिंगचं काम चाले. तो सातारकडचा, बोलायला फटकळ आणि कामाचा गर्व असलेला.

"कुठला पत्रा वापरलास रं?" उद्धवरावांनी उतरता उतरता विचारलं. "वर्षात चाळण झाली."

ज्योतीराम खाली वाकला. गाडीखाली सरपटत गेला, हातोडीनं ठोकत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. कोड्यात पडलेला होता.

"खालनं डांबर जसंच्या तसं हाय. गंज वरनं लागलाय. गाडीत पाणी येतंय, उद्धवराव."

"गाडीत काय मी आंघूळ करतो व्हय?"

"काचेचं रबर गेलं असंल. पावसाचं पाणी आत झिरपत असणार. पैजंवर सांगतो."

ज्योतीराम आत बसला, फुटक्या पत्र्यावर तळवा टेकून. उद्धवरावांनी टोपी काढून ठेवली आणि बादलीनं काचेवर पाणी ओतायला सुरुवात केली. एक बादली, मग आणखी. आतून आवाज आला,

"कोरडं हाय!"

"नीट बघ!"

"नीटच बघतोय. ठणठणीत हाय."

मग दारांच्या फटी पाहिल्या. बॉनेट उघडून रेडिएटरच्या नळ्या चाचपल्या. छत ठोकून पाहिलं. पैज हरल्यानं ज्योतीराम हिरमुसला होता, पण सोडायला तयार नव्हता. आणि उद्धवरावही आपण भांडायला आलो होतो हे विसरून गेले होते. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. शेवटी दोघं उघड्या दारापाशी उकिडवे बसून नुसतेच त्या भोकांकडे पाहू लागले.

भोकं दोन होती, शेजारीशेजारी. कडेचा पत्रा चांगला होता.

"गळतीचं पाणी कडंला साचतं," ज्योतीराम म्हणाला. "ह्ये मदीच कसं काय?"

उद्धवरावांनी काढून टाकलेलं तरट उचललं आणि हातावर झटकलं. तळव्यावर करडी, बारीक वाळू पडली. वाळूत तांदळाएवढे दोन-तीन पांढरे शिंपले होते. लहानपणी नदीत डुंबून आल्यावर असले शिंपले केसांतून निघत, ते त्यांना आठवलं.

"पवनेची वाळू हाय ही."

"नदीत घातली होती का गाडी?"

"छे."

"मग घरातलं कोण जातं नदीवर?"

"आता कोण जातंय. आडावर पंप बसवलाय की."

त्या दिवशी ज्योतीरामनं छिन्नीनं कुजका पत्रा कापून काढला आणि नवा जोडला. सांधे लोखंड पांढरं दिसेपर्यंत तारेच्या ब्रशनं घासले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला आणि शेडमध्येच, जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर त्यानं पत्र्यावर जाडसर लावला.

"गंजाला हाच रोखतो. पर सावकाश वाळतो. दोन-चार दिस आत कुणी पाय ठिवायचा न्हाई. मग मी येऊन डांबर मारतो."

उद्धवरावांनी दार लोटून घेतलं आणि चाकणला जायला मोटारस्टँडवर निघाले. जाता जाता त्यांनी बायकोला विचारलं,

"कुसुम, नदीवर कोण जातं गं आपल्यातलं?"

"वन्सं जात्यात की," कुसुम भाजी निवडता निवडता म्हणाली. "रोज जात्यात धुणं घिऊन. आताबी तिकडंच गेल्यात. किती सांगितलं, आडावर धुवा. ऐकत न्हाईत."

वन्सं म्हणजे उद्धवरावांची थोरली बहीण, शालन. ते तिला आक्का म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती इथंच राहिली. ज्योतीरामनं विचारलं तेव्हा आक्काचं नाव आपल्याला सुचलंच कसं नाही, असं चाकणपर्यंत त्यांच्या मनात येत राहिलं. पण आक्का नदीवर जाते एवढ्यानं गाडीतल्या वाळूचा उलगडा होत नव्हता. धुणं शेडमध्ये वाळत घालतात की काय? पण तिथं तर दोरीही नव्हती.

संध्याकाळी ते जेवायला बसले. आक्कानं ताटात भाकरी वाढली आणि ती चुलीकडे वळली. चुलीपुढं पाट नव्हता. ती नेहमीसारखी चवड्यांवर उकिडवी बसली आणि तिचे तळवे मागून दिसले.

तळवे तांबडे होते. टाचेपासून बोटांपर्यंत, गर्द शेंदरी.

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. नवरा गेल्यापासून आक्काच्या अंगावर त्यांनी कसलाही रंग पाहिला नव्हता. तिच्याजवळून रॉकेलचा वास येत होता. तिनं पाय घासून पाहिले असणार. तिनं मागं वळून पाहिलं. त्यांनी नजर ताटाकडे वळवली.

"कालवण वाढू का रं?"

"वाढ थोडं."

हात धुऊन ते शेडमध्ये गेले. अजून उजेड होता. गाडीचं दार उघडलं. ओल्या शेंदरात दोन पावलं उमटली होती, शेजारीशेजारी, टाचा खोल. बोटं ब्रेकच्या दिशेला. काठावर लुगड्याचा ओला घोळ फिरल्याचा फराटा होता.

ते बाजूनं, रंगाला न लागता, सीटवर बसले. तिनं हात कुठं ठेवले असतील ह्याचा अंदाज घेत त्यांनी चाक धरलं. समोर पाहिलं. बॉनेटच्या पुढं हातभर अंतरावर शेडची भिंत होती. गिलावा पडलेला, एक पाल. आक्का रोज इथं बसून काय बघत असेल? त्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं. पण त्यांना तिच्यात काही दिसलं नाही.

घरात आक्काला नुसतं बसलेलं आपण कधी पाहिलं, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. जेवताना ती बसे, सगळ्यांची पानं उठल्यावर. गाडी पहिल्यांदा घरी आली तेव्हा सगळे देहूला जाऊन आले होते. मुलं, कुसुम, कुसुमची आई. गाडीत जागा उरली नव्हती आणि घराला कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आधी सोपानरावांकडे गेले. चहा घेतला आणि म्हणाले, "ज्योतीरामचं मी बोललो, ते चुकलं माझं. काम चोख हाय त्याचं. ट्रक द्या त्याला." सोपानराव कारण विचारत राहिले. उद्धवराव बशी ठेवून उठले.

शेंदूर वाळल्यावर ज्योतीराम डांबराचा डबा घेऊन आला. दार उघडून तो थबकला. पावलांकडे पाहिलं, मग उद्धवरावांच्या पायांकडे. पावलं लहान होती.

"पाणी सापडलं म्हणायचं तुमचं."

"व्हय. आक्का बसती आत. नदीवरनं आली की."

ज्योतीरामनं मान डोलावली.

"मग घासून परत लावू का शेंदूर? पातळ झालाय तितं."

"वरनं लाव अजून एक हात. घासू नको."

"आन् चटई टाकली की परत तेच व्हणार बगा. तरट पाणी धरून ठिवतं."

"चटई न्हाई टाकायची. लाकडी पट्ट्यांची जाळी करून दे. पाणी निथळंल, वारं लागंल. पाय ठेवायला मऊ पट्ट्या घे, कुसळ न्हाई पायजे."

"सागाच्या घेतो," ज्योतीराम म्हणाला.

जाळी बसली त्या संध्याकाळी उद्धवराव चाकणहून आले, तेव्हा त्यांनी गाडी नेहमीसारखी सरळ आत घातली नाही. अंगणात वळवली आणि मान मागं वळवून, दोनदा चुकत, शेडचा किंचित चढ चढवत उलटी आत घेतली.

असेच काही दिवस गेले. आक्का धुणं घेऊन जाई, येई. ती शेडकडे जाते की नाही, हे उद्धवरावांनी मुद्दाम पाहिलं नाही. जाळीच्या पट्ट्या ओल्या आहेत का, तेही चाचपलं नाही.

मग एका सकाळी ते ओट्यावर चहा पीत बसले होते. आक्का नदीवरून आली, पिळे दोरीखाली ठेवले आणि एकेक कपडा झटकून वाळत घालू लागली.

"गाडी उलटी लावतोस हल्ली," ती पाठमोरीच म्हणाली.

"निघताना बरं पडतं."

"हं."

तिनं एक सदरा झटकला. मग दुसरा.

"रस्ता दिसतो," ती म्हणाली. "पर ती चिंच आड येती. निम्मा तिच्यातच जातो."

उद्धवरावांनी बशी खाली ठेवली. शेडच्या तोंडाशी जाऊन त्यांनी वाकून, गाडीत बसलेल्या माणसाच्या उंचीनं, बाहेर पाहिलं. खरंच, फाटकाबाहेरच्या चिंचेचा बुंधा बरोबर मध्ये येत होता. पलीकडून एक बैलगाडी आली आणि बुंध्यामागं नाहीशी झाली.

"थोडी पुढं, उजवीकडं घ्यायला पायजे," ते म्हणाले.

"व्हय. हातभर."

त्यांचा हात किल्लीसाठी बंडीच्या खिशात गेला आणि तसाच बाहेर आला.

"मी मागनं ढकलतो. तू चाक धर."

आक्का वळली. हातातल्या लुगड्यातून पाणी गळत होतं. तिनं घराकडे पाहिलं, मग आळीकडे. लुगडं दोरीवर टाकून ती शेडमध्ये आली, दार उघडून आत बसली. उद्धवराव भिंत आणि गाडी यांच्या मधल्या सांदीत शिरले आणि दोन्ही हात मागच्या पत्र्याला लावले.

"आधी हातब्रेक सोडावा लागंल, आक्का," त्यांनी ओरडून सांगितलं. "तो तुझ्या डाव्या अंगाला, खाली—"

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली.

खट्‌ असा आवाज झाला. उद्धवरावांनी जोर लावायच्या आधीच गाडी पुढं सरकू लागली होती.