बगळ्यांचा सातवा सामना

"आधी मैदान सांग. मग माणसं कुठं कुठं उभी आहेत ते सांग. चेंडू सगळ्यात शेवटी."

एप्रिलमधल्या एका गार दुपारी जयवंतरावांनी हे सांगितलं, आणि ते शैलाताईंच्या कानात असं जाऊन बसलं की पुढे टीव्हीचं बटण दाबलं की चित्राच्या आधी तोच आवाज ऐकू यायचा. त्या वेळी मात्र त्यांना नुसतं हसू आलं होतं. संसाराला बत्तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत या माणसानं आपल्याला काही शिकवायला घेतलं ते हे!

जयवंतराव अमरावतीला मुलींच्या शाळेत पी.टी.चे सर होते. मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे, तालुक्यापासून विभागापर्यंत संघ घेऊन फिरायचे. शैलाताई पोस्टात नोकरीला. घर, नोकरी, मैत्रेयचा अभ्यास आणि सकाळ-संध्याकाळची वंदना यांतून नवऱ्याचा एक सामना बघायला त्यांना कधी उसंत मिळाली नाही. खरं सांगायचं तर त्या खेळावर त्यांचा थोडा रागच होता. सणासुदीला घरचा कर्ता माणूस कुठल्या तरी धुळीच्या मैदानावर शिट्टी वाजवत उभा, हे कुणाला आवडेल?

आता दोघंही निवृत्त होऊन मैत्रेयकडे न्यूझीलंडला, जॉन्सनव्हिलला आले होते. मार्चमध्ये आले, नोव्हेंबरअखेर परत जायचं होतं. मैत्रेय आणि सून विनया सकाळी ट्रेननं वेलिंग्टनला कामावर निघून गेली की दिवसभर घरात ही दोघं आणि बाहेर वारा. जयवंतरावांच्या डोळ्यांच्या मधोमध काळोखाचा ठिपका पडला होता. कडेकडेचं दिसायचं. पडदा दिसायचा, दाराची चौकट दिसायची, पण जे बघायला म्हणून नजर वळवावी ते नेमकं नाहीसं व्हायचं. इथल्या डॉक्टरनं अगदी गोड बोलून सांगितलं होतं की कडाही हळूहळू जातील.

अशात एक दिवस टीव्हीची कळ फिरवताना अमेरिकेतला बेसबॉल लागला. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुसऱ्या दिवसाची दुपार. जयवंतराव ताठ बसले. म्हणाले, हा आपलाच खेळ, फक्त चेंडू लहान आणि माणसं मोठी. समालोचन मात्र त्यांना झेपेना. ते गोरे लोक सामन्यापेक्षा एकमेकांच्या थट्टेतच जास्त. त्यांनी आवाज बारीक करायला लावला आणि शैलाताईंना शेजारी बसवलं.

तेव्हा पडद्यावर होता तो संघ हेरन्स. विनयानं सांगितलं, हेरन म्हणजे बगळा. मग काय, संघाचं नाव बगळे पडलं ते पडलंच.

बगळे तेव्हा तळाला होते. एप्रिल, मे, जून, सगळा हरण्याचाच मोसम. शैलाताईंना खेळाडूंची नावं उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. चेंडू टाकण्याआधी टोपी पुसणारा डावखुरा पिचर तो टोपीवाला. मागे उकिडवा बसणारा कॅचर तो कुंभार. तिसऱ्या बेसवरचा एक पोरगा सारखी पँट वर ओढायचा, त्याला त्या नाडीवाला म्हणत. जयवंतराव पोट धरून हसायचे. म्हणायचे, तीस वर्षांत माझ्या एका पोरीनं असं वर्णन केलं नसेल.

सुरुवातीला त्या अडखळायच्या. "तो पळाला" म्हणायच्या, आणि जयवंतराव विचारायचे, कोण पळाला, कुठून, चेंडू कुठं होता? हळूहळू त्यांना खेळ दिसायला लागला. कुंभार बोटांनी काय खुणावतो, पहिल्या बेसवरचा माणूस किती पुढे सरकून उभा आहे, हे चेंडू सुटण्याआधीच त्या सांगू लागल्या. जुलैत बगळे जिंकायला लागले, एकामागून एक, जणू कुणी पंखांत जीवच फुंकला. परेशभाई, जवळच्या डेअरीचे मालक, त्यांनाही या दोघांनी नाद लावला होता. दूध घ्यायला गेलं की आधी बगळ्यांची चौकशी, मग दूध.

जुलैतच आषाढ पौर्णिमा आली आणि शैलाताईंनी वर्षावासाचं, आषाढ ते अश्विन अशा तीन महिन्यांचं, व्रत घेतलं. पंचशील तर त्यांचं रोजचंच. वर्षावासातल्या प्रत्येक पौर्णिमेला मात्र त्या अष्टशील पाळायच्या. दुपारी बारानंतर अन्न नाही, उंच मऊ बिछाना नाही, नाचगाणं, खेळतमाशे बघणं नाही. लग्नाआधीपासूनचा त्यांचा हा नेम. मैत्रेयच्या वेळी दिवस भरत आले असतानाही चुकला नव्हता. त्या पौर्णिमेला टीव्ही लागला नाही. जयवंतरावांनी कुरकुर केली नाही. स्वतः व्रतवैकल्यातले नव्हते ते, पण म्हणाले, "आज बगळ्यांनाही उपास."

श्रावणाच्या पौर्णिमेनंतर चारआठ दिवसांची गोष्ट. सामना संपला होता. जयवंतराव टीव्हीकडे तोंड करून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, आता हिरवाही नीट कळत नाही. सारं राखाडी. शैलाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मोसम संपेपर्यंत सांगशील नं?" त्यांनी विचारलं. "एकही चेंडू न गाळता. तिकडे गेल्यावर हे काही मिळणार नाही. एवढा एक मोसम मला पुरा पाहिजे."

"सांगीन," शैलाताई म्हणाल्या. त्या सहसा शब्द देत नसत, कारण दिला की तो त्यांच्या मानेवर बसायचा.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी बगळे कसेबसे पुढच्या फेरीत शिरले. ती पहिली फेरी त्यांनी जिंकली. मग आली उपांत्य फेरी, सात सामन्यांची. चार जिंकेल तो अंतिम फेरीत. तीन बगळ्यांनी जिंकले, तीन समोरच्यांनी. सहाव्या सामन्याला टोपीवाल्यानं असा काही मारा केला की शैलाताईंचा आवाज बसला.

सामना संपला, आणि चहा ठेवायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. भिंतीवर नागपूरहून आणलेलं कॅलेंडर होतं. त्यांनी सहज बघितलं आणि गॅस पेटवायचा राहूनच गेला. उद्या अश्विन पौर्णिमा. वर्षावासाची शेवटची. आणि उद्याच दुपारी एक वाजता सातवा सामना.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला तो त्यांनी नाही काढला, जयवंतरावांनीच काढला. त्यांनाही तिथी ठाऊक होती. ते एवढंच म्हणाले की उद्या टीव्ही लावायचा नाही, आणि भाजी वाढून घेतली.

मैत्रेयनं तोडगा काढला. "आई, मॅच अमेरिकेत आहे. तिथे तेव्हा चतुर्दशीच असेल."

"मॅच तिथं असेल रे," शैलाताई हळूच म्हणाल्या, "पण मी तर जॉन्सनव्हिलला बसलेय नं."

विनया हसली, आणि म्हणाली की एवढं डोकं कशाला, व्हीसीआरवर टेप करून ठेवू. परवा सकाळी आईंचं व्रत सुटलं की निवांत बघा. तोवर बाबांच्या कानावर निकाल पडला नाही म्हणजे झालं.

"स्वीट ॲज," मैत्रेय इथल्या बोलीत म्हणाला, म्हणजे झकास, आणि लागलीच उठून मोठी टेप शोधायला गेला. जयवंतरावांचा चेहरा उजळला. म्हणाले, एका दिवसानं बगळे काही म्हातारे होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरानं जयवंतरावांच्या कानांची अशी राखण केली की विचारू नये. मैत्रेय टायमर लावून गेला. टीव्हीवर विनयानं चादर टाकली. रेडिओ बंद, फोनची वायर काढलेली. पहाटे शैलाताईंनी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, अष्टशील ग्रहण केलं. बाराच्या आत जेवल्या. एक वाजता आतल्या खोलीत व्हीसीआर खट्कन वाजून सुरू झाला, तेव्हा त्या मागच्या अंगणात सतरंजीवर बसून सुत्तपठण करत होत्या. जयवंतराव उन्हात खुर्ची टाकून बसले होते, आणि मध्येच, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले की आता तिसरा डाव चालू असेल.

पाच वाजता त्या दूध आणायला निघाल्या. उद्या खीर करायची होती. एरवी जयवंतराव त्यांचा कोपर धरून बरोबर यायचे. आज ते आपणहून नको म्हणाले. त्या परेशभाईच्या तोंडाला झाकण नाही, तूच जा.

कानांची राखण चालली होती ती जयवंतरावांच्या. शैलाताईंनाही कान आहेत हे त्या अख्ख्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, खुद्द शैलाताईंच्याही नाही.

डेअरीचं दार ढकलताच घंटा किणकिणली. परेशभाईंचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी दुधाची बाटली स्वतः उचलून पुढे ठेवली.

"मासी, काका को बोलना दिल छोटा मत करना," ते म्हणाले. "एक रन से गया. सिर्फ एक रन."

त्यांचा काय दोष? त्यांना वाटलं, हे दोघं तर बघूनच आले असणार.

शैलाताई घराकडे निघाल्या. चढाचा रस्ता, समोरून वारा. बगळे हरले. या बातमीचं त्यांना इतकं वाईट वाटेल असं एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. नाडीवाल्याचा चेहरा कसा झाला असेल, कुंभार किती वेळ तसाच बसून राहिला असेल, असं काहीबाही मनात यायला लागलं. पण खरं ओझं दुसरंच होतं. उद्या जयवंतराव प्रत्येक चेंडूला पुढे सरकून बसणार. आणि आपण सगळं माहीत असून माहीत नसल्यासारखं सांगायचं? आवाजात खोटी आशा आणायची? मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं रोज म्हणणारं तोंड त्यांचं. आणि निकाल आत्ताच सांगून टाकला तर मग त्यांना उरलं काय? ज्या सामन्यासाठी हा माणूस एप्रिलपासून अंधाराशी हुज्जत घालत बसला होता, तो उंबऱ्यावरच हिसकावून घेतल्यासारखं.

फाटकाची कडी वाजली. जयवंतराव अजून खुर्चीतच होते. शैलाताई त्यांच्यासमोरून पुढे गेल्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, आणि पुन्हा बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

"पाय ओढत आलीस," जयवंतराव म्हणाले.

त्या तळपायाला चिकटलेलं गवत काढत बसल्या.

"चढ लागला का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. चढ होताही.

"आज मला काही विचारू नका," शैलाताई म्हणाल्या.

जयवंतरावांनी मान वळवली. ज्या बाजूनं थोडंसं दिसायचं ती बाजू त्यांच्याकडे करून ते बसले. शेजारच्या घरात कुणीतरी गवत कापायचं यंत्र बंद केलं. शैलाताईंना कळलं की यांना कळलंय. जिंकले असते तर त्या अशा पायरीवर बसल्या नसत्या, हे न समजण्याइतका हा माणूस परका नव्हता. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी तुमचा सामना घालवला, एवढंच त्या म्हणू शकल्या.

"वेडी आहेस," जयवंतराव म्हणाले. "माझ्या पोरी अकोल्याला हरल्या होत्या, आठवतं? गाडीतून परत येताना रात्रभर मला त्या सामन्यातला एकेक चेंडू सांगत होत्या. हरलेलाच सांगत होत्या. तसा सामना मी आयुष्यात पाहिला नाही." ते जरा थांबले. "नऊ डाव खेळले असतील नं बगळे? मग मला नऊ डाव पाहिजेत. तू फक्त पुढचं आधी सांगू नकोस."

"माझ्या आवाजावरून कळेल तुम्हाला."

"कळू दे. रडू आलं तर रड. माझी काही हरकत नाही."

शैलाताईंनी पदरानं डोळे पुसले. मग जयवंतरावांना खुर्चीतून उठायला हात दिला, कारण ऊन गेलं होतं आणि गार वारा सुटला होता. त्या रात्री त्या जमिनीवर चटई टाकून झोपल्या. जयवंतराव पलंगावर होते, पण त्यांचा एक हात काठावरून खाली लोंबत होता, आणि तो हातात धरूनच त्यांना झोप लागली.

सकाळी मैत्रेय आणि विनया दबकत दबकत कामावर गेली. दोघांनाही काय झालं ते कळलं होतं, आणि आईबाबांच्या चेहऱ्यांवरून त्यांनाही कळलंय हे दिसत होतं, तरी निकालाचा शब्द कुणी काढला नाही. निघताना मैत्रेयनं बाबांच्या खांद्यावर जरा जास्त वेळ हात ठेवला, एवढंच.

शैलाताईंनी वंदना केली. व्रत पूर्ण झालं. खिरीची वाटी मूर्तीपुढे ठेवून मग त्यांनी दुसरी जयवंतरावांच्या हातात दिली आणि ते चाटूनपुसून खाईपर्यंत थांबल्या. मग त्यांच्या पाठीशी उशी सारखी केली, पायांवर घोंगडी टाकली. टीव्हीवरची चादर काढून तिची नीट घडी घातली. टेप पार मागे जाईपर्यंत दोघं ती घरघर ऐकत बसली.

"लावू?" त्यांनी विचारलं.

जयवंतराव पुढे सरकून बसले.

शैलाताईंनी घसा साफ केला आणि बटण दाबलं.